सातबाऱ्याबाहेरचा वारसा

परदेशातल्या बँकेत आईवडिलांचे खाते असले आणि त्याची पुढची सोय कशी लावायची असा विषय निघाला, की रायगडातल्या कर्जत-खालापूरच्या बाजूला उत्तर तयार असते : मुलाचे नाव लावून टाका. कोणी पुस्ती जोडतो, नॉमिनी भरलाय ना, मग काळजी कसली? आणखी एखादा स्वतःला जास्त व्यवहारी समजणारा सांगतो, पासवर्ड लिहून घ्या, बाकी सगळे मोबाइलवर होते. ही तिन्ही उत्तरे एकाच समजुतीतून येतात. खाते म्हणजे पैशांची पेटी आणि वारसा म्हणजे तिची किल्ली कोणाच्या कनवटीला लागते एवढाच प्रश्न, अशी ती समजूत.

ती उथळ आहे असे मला वाटते. परदेशी खात्याच्या वारशात दोन कामे असतात. हे पैसे आपल्यामागे कोणाचे व्हावेत हे खातेदाराने स्वतः, शुद्धीवर असताना ठरवायचे, हे पहिले. ज्याने आपले गाव कधी पाहिले नाही अशा परक्या अधिकाऱ्याला तो निर्णय आणि आपली नाती पटतील अशा कागदांत उतरवायची, हे दुसरे. नाव लावण्याने यातले एकही काम होत नाही. उलट दोन्ही झाल्याचा भास होतो, आणि त्या भासाची किंमत बहुतेक वेळा घरातल्या मुली मोजतात.

१. जमिनीने लावलेली सवय

या दोन तालुक्यांतली वारशाची कल्पना जमिनीवर घडली आहे. खातेदार गेला की वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता सांगते. तलाठी गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नावे लिहितो, चौकशी होते, फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर नावे चढतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असले तरी काम तेच आहे. या रीतीत पुरावा गावातच असतो. माणूस कोण, त्याला मुले किती, पहिली बायको होती का, थोरली लेक कोणत्या गावी दिली, हे भावकीला, शेजाऱ्याला, पोलिस पाटलाला ठाऊक असते. फेरफार मालकी देत नाही, ती महसुलापुरती नोंद आहे, असे न्यायालयांनी कितीदा सांगितले तरी लोकांचा भरवसा त्या नोंदीवरच असतो, कारण तिच्यामागे गावाची माहिती उभी असते.

याचा परिणाम असा की मृत्युपत्र करणे हे भांडकुदळ घरांचे किंवा शहरी लोकांचे काम मानले जाते. वारसा आपोआप होतो, आपण फक्त नोंद करून घ्यायची, अशी धारणा मुरलेली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. द्रुतगती मार्ग आला, फार्महाऊसे उठली, जमिनीचे भाव चढले, तशी हक्कसोडपत्रे वाढली. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. त्यामुळे आज बहिणीच्या सहीवाचून जमीन हलत नाही. सही प्रेमाने घेतली, दबावाने घेतली की पैसे देऊन घेतली हा प्रश्न वेगळा. पण तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात यावे तरी लागते. तिचा हक्क काढून घेण्यासाठीसुद्धा तो आहे हे मान्य करावे लागते. परदेशातल्या जोडखात्यावर भावाचे नाव असेल तर तिला कोणी विचारतही नाही. जमिनीच्या कायद्याने गेल्या वीस वर्षांत जे कमावले ते बँकेच्या एका अर्जावर निसटते, आणि निसटले हे कळायलाही बरीच वर्षे जातात.

२. एका खात्यावर तीन कायदे

समजा, खोपोलीच्या कारखान्यात हात बसलेला एक फिटर पुढे दुबईला गेला, निवृत्तीनंतर परतला, आणि तिथले खाते तसेच राहिले. किंवा मुलाकडे न्यू जर्सीत राहून ग्रीन कार्ड घेतलेले जोडपे थंडी सोसेना म्हणून नेरळला परतले. किंवा लंडनमध्ये नोकरी झालेल्या एखाद्या बाईंनी चौककडे बंगली बांधली आणि तिथले निवृत्तिवेतन तिथल्याच बँकेत जमा होत राहिले. तिघांच्याही खात्याला एकाच वेळी तीन कायदे लागू होतात, आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

पहिला प्रश्न : वारस कोण? इथे माणसाचा व्यक्तिगत कायदा आणि त्याचे कायम वास्तव्य यांचा संबंध येतो. स्थावर मिळकत जिथे आहे तिथला कायदा, आणि जंगम मिळकतीला मृताच्या कायम वास्तव्याच्या देशाचा कायदा, हे तत्त्व भारतासह अनेक देश मानतात. युरोपीय संघाच्या बऱ्याच देशांनी १७ ऑगस्ट २०१५ पासून मृत्यूच्या वेळी माणूस नेहमी कुठे राहत होता हा मुख्य निकष ठेवला आहे. कर्जतला कायमचा परतलेला हिंदू मृत्युपत्र न करता गेला, तर सर्वसाधारणपणे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हयात असेल तर ती, अशा सगळ्यांचा सारखा वाटा.

दुसरा प्रश्न : पैसे सोडायला बँक कोणता कागद मानते? हे बँक जिथे आहे तिथला कायदा ठरवतो. कर्जतच्या न्यायालयातून मिळालेला उत्तराधिकार दाखला भारतभर चालतो, तसे कायद्यातच लिहिले आहे. पण भारताच्या सीमेबाहेर त्याला स्वतःचे बळ नाही. परक्या देशातली बँक तिथल्या न्यायालयाचा आदेश मागू शकते, आणि रक्कम मोठी असली तर मागतेच. रायगडातल्या हिंदू माणसाने इथे केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचे शिक्कामोर्तब, घेण्याची सक्ती मुंबई शहरासारखी कधी नव्हती. त्यामुळे इकडे कोणाला ती सवय नाही. परदेशी बँकेने ते मागितले की घरच्यांना वाटते, बँक अडवणूक करते आहे. बँक आपल्या कायद्याने चाललेली असते.

तिसरा प्रश्न भारत सरकारचा : असे खाते भारतात राहणाऱ्याने ठेवणे, वारशाने घेणे कायदेशीर आहे का आणि ते जाहीर केले आहे का? त्याकडे पुढे येतो.

वाद होतात ते बहुधा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला जोडल्यामुळे. वारस असणे पुरेसे नाही, कारण बँकेला ते सिद्ध हवे असते. आणि बँकेने पैसे हातात दिले म्हणून ते आपले झाले असेही नाही.

३. नॉमिनी : रकाना एक, अर्थ वेगळे

भारतातला नॉमिनी मालक नसतो. १९८३ साली सरबती देवी खटल्यात आयुर्विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले, २०१० साली बँकेतल्या ठेवींच्या बाबतीत पुन्हा सांगितले. मराठी वाचकाला जवळचे वाटेल असे प्रकरण १४ डिसेंबर २०२३ ला निकाली निघाले. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांच्या मृत्युपत्रानंतर ठेवी आणि म्युच्युअल फंडांतल्या नामनिर्देशनावरून उभा राहिलेला वाद मुंबई उच्च न्यायालयातून वर गेला होता. शेअर आणि रोख्यांच्या बाबतीतही नॉमिनी हा वारसांच्या वतीने मिळकत हाती घेणारा, कंपनी कायद्याने वारसाहक्काची तिसरी वाट काढलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ज्या घराने महाराष्ट्राला तिथी-वार शिकवले त्या घराच्या कागदपत्रांतूनही हा प्रश्न न्यायालयात जाऊ शकतो, तर बाकीच्यांनी ‘नॉमिनी भरलाय’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

१ नोव्हेंबर २०२५ पासून भारतातल्या बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. सोय चांगली आहे. पण चार नावे आणि त्यांचे टक्के लिहिता येऊ लागल्याने नामनिर्देशन म्हणजेच वाटणी, हा गैरसमज आणखी घट्ट होणार.

आता हेच डोके घेऊन आपण अमेरिकेतल्या बँकेचा अर्ज भरतो. तिथे ‘मृत्यूनंतर यांना द्यावे’ असे नाव लिहिले की तो माणूस सामान्यतः खरोखर मालक होतो. मृत्युपत्रात वेगळे लिहिले असले तरी हे पैसे मृत्युपत्राच्या बाहेरून थेट त्याच्याकडे जातात. म्हणजे भारतात जो रकाना केवळ व्यवस्थेचा आहे तो तिकडे दानाचा आहे. नेरळच्या आजोबांनी धाकट्याला ‘सोयीसाठी’ तिथे लिहिले, तर त्यांनी थोरल्या मुलीला त्या पैशातून बाहेर काढले, आणि हे बहुधा त्यांना स्वतःलाही कळलेले नसते. ब्रिटनमध्ये साध्या बँक खात्याला आपल्यासारखा नॉमिनी नसतोच. पैसे मृताच्या एकूण मिळकतीत जातात आणि मृत्युपत्राचा अंमलदार किंवा न्यायालयाने नेमलेला प्रशासक ते मागतो. लहान रक्कम बँका प्रोबेटवाचून देतात, पण किती म्हणजे लहान हे प्रत्येक बँक आपापले ठरवते.

संयुक्त अरब अमिरातीत गोष्ट आणखी निराळी. मृत्यूची बातमी कळली की बँक खाते गोठवते. मुसलमानेतरांसाठी तिथे १ फेब्रुवारी २०२३ पासून नवा व्यक्तिगत कायदा लागू झाला. मृत्युपत्र नसेल तर निम्मे पती किंवा पत्नीला आणि निम्मे मुलांत, मुलगा-मुलगी भेद न करता. वारसांना त्याऐवजी मृताच्या देशाचा कायदा लावण्याची मागणी करता येते. खोपोलीच्या विधवेला तीन मुले असतील आणि सासू हयात नसेल, तर हिंदू कायद्याने तिचा वाटा चौथा, तिथल्या कायद्याने अर्धा. कोणता कायदा मागायचा यावर आई आणि मुलांचे हित लगेच दोन वाटांना लागते. अशा वेळी आईने सही कुठे करायची हे तिला सांगणारा माणूस मुलगाच असतो, हे विसरू नये.

४. जोडखात्यात काय घडते

नाव लावा, या सल्ल्याचा खरा अर्थ जोडखाते काढा असा असतो. त्याचा सर्वांत प्रामाणिक हेतू म्हणजे म्हाताऱ्या माणसाला मदत : बिले भरणे, कार्ड हरवले तर फोन करणे. पण अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बहुतेक जोडखाती मागे राहणाऱ्याकडे जातात. अमिरातीत तसे होत नाही. तिथे मृताच्या वाट्याचे पैसे वारस ठरेपर्यंत अडतात. एकाच कृतीने एका देशात सगळे मिळते, दुसऱ्या देशात चालू खर्चसुद्धा थांबतो.

मदतीसाठी लावलेले नाव आणि देणगी म्हणून लावलेले नाव यांत फरक कसा करायचा? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २००७ साली जवळजवळ सारखी दोन प्रकरणे आली. दोन्हीत बापाने सज्ञान मुलीचे नाव आपल्या खात्यांवर लावले होते, दोन्हीत बाप गेल्यावर पैसे कोणाचे यावर वाद झाला. न्यायालयाने नियम घातला की सज्ञान अपत्याने मोबदला दिलेला नसेल तर ते पैसे मृताच्या मिळकतीसाठी विश्वस्त म्हणून धरलेले आहेत असे आधी मानायचे. देणगी होती असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. पेकोर प्रकरणात मुलीला ते सिद्ध करता आले, तिला पैसे मिळाले. मॅडसन प्रकरणात सिद्ध झाले नाही, पैसे सगळ्या मिळकतीत परत गेले. कायदा तोच, न्यायालय तेच. फरक बापाच्या मनात काय होते याच्या पुराव्याचा.

हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. पण त्यातून निघणारी गोष्ट कर्जतच्या घरालाही लागू पडते : नाव लावताना मनात काय आहे, ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे. ‘हे नाव माझ्या सोयीसाठी लावले आहे, माझ्यामागे ही रक्कम माझ्या मृत्युपत्राप्रमाणे वाटावी’ किंवा ‘मुलाने माझी सेवा केली म्हणून हे पैसे त्यालाच द्यायचे आहेत’. हिंदू माणसाची स्वकष्टार्जित मिळकत त्याने कोणालाही द्यावी, कायदा आड येत नाही. दुसरे वाक्य लिहिणाऱ्याला कोणी अन्यायी म्हणू नये. न लिहिता तोच परिणाम घडवून आणणे आणि वर ‘आम्ही मुलगा-मुलगी भेद मानत नाही’ म्हणणे, हे मात्र मला खटकते. अशी घरे थोडी नाहीत.

५. एका बाईची अनेक नावे

गावच्या वारसनोंदीत गाव साक्षीला असते असे वर म्हटले. परदेशी अधिकाऱ्याच्या टेबलावर फक्त अक्षरे असतात, आणि आपल्याकडे ती अक्षरे जुळत नाहीत.

एखाद्या सत्तरीच्या बाईंची कागदपत्रे काढून पाहावीत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. सातबाऱ्यावर लग्नातले नाव आणि शेवटी ‘बाई’. आधारवर नवऱ्याच्या नावासह पूर्ण नाव. पारपत्रावर नवऱ्याचे नाव कधी नावाच्या रकान्यात सरकलेले, कधी आडनावाचा रकानाच रिकामा. परदेशी खात्यावर आद्याक्षर आणि आडनाव, तेही रोमन लिपीत कोणी कसे लिहिले त्यावर. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर स्पेलिंगमध्ये आणखी एक अक्षर जास्त. ही बाई एकच आहे हे कर्जतच्या बाजारात कोणीही सांगेल. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बँकेतल्या तरुणाने ते कशावरून मानावे?

म्हणून तयारीतला सर्वांत मोठा भाग कायद्याचा नसून नावांचा आहे, आणि तो जिवंतपणीच स्वस्तात होतो. आईवडिलांनी स्वतः खात्यावरचे नाव पारपत्राशी जुळवून घेतले तर एक अर्ज पुरतो. गेल्यानंतर त्याच कामाला प्रतिज्ञापत्रे, लग्नाचा दाखला, जन्मदाखले, त्यांची इंग्रजी भाषांतरे आणि त्या प्रत्येकावर शिक्के लागतात. एका देशाचे कागद दुसऱ्या देशात मानले जावेत यासाठीच्या अपोस्टिल कराराचा भारत २००५ पासून सदस्य आहे. सदस्य देशांसाठी एक शिक्का पुरतो. अमिरातीसारख्या सदस्य नसलेल्या देशासाठी कागद वकिलातीपर्यंत न्यावा लागतो. लग्नाची नोंदच नाही, ही या पिढीची खास अडचण. लग्न झाले हे सगळ्या गावाने जेवून पाहिलेले असते, पण कागद नसतो. ती नोंद आजही करून घेता येते, दोघे हयात असताना अधिक सहज.

६. मुखत्यारपत्र कधी संपते

पुष्कळ घरांत मुखत्यारपत्र केले म्हणजे सोय झाली असे मानतात. मुखत्यारपत्र देणारा गेला की ते संपते, हे निदान काहींना माहीत असते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली तरीही ते संपते, हे फारच थोड्यांना. म्हणजे विस्मरणाचा आजार वाढत गेला की, ज्या दिवशी गरज सर्वांत जास्त असते, त्याच सुमारास कागद निकामी होतो. ब्रिटनमध्ये क्षमता गेल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र करण्याची वेगळी सोय आहे. ज्यांचे खाते तिथे आहे त्यांनी तिथल्या रीतीने ते करून ठेवावे. आणि पासवर्ड घेऊन ठेवणाऱ्यांसाठी एवढेच : माणूस गेल्यानंतर त्याच्या नावाने लॉगिन करून पैसे फिरवणे म्हणजे मेलेल्या माणसाची सही करणे. सख्खा मुलगा असला तरी.

७. सरकारपासून लपवलेले मुलांपासूनही लपते

परदेशी खाते म्हटले की आपल्याकडे आवाज खाली जातो. काळा पैसा, छापे, असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे कलम ६(४) सरळ आहे : परदेशी रहिवासी असताना मिळवलेले, किंवा तशा माणसाकडून वारशाने आलेले परकीय चलन भारतात राहणाऱ्याला बाळगता येते. भारतात आणायचे तर निवासी परकीय चलन खात्यात, डॉलरचे डॉलर ठेवूनही आणता येते. भारतात मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. वारशाने आलेली रक्कम उत्पन्न धरली जात नाही.

बंधन आहे ते जाहीर करण्याचे. कायद्याच्या दृष्टीने पूर्ण रहिवासी झालेल्या माणसाने आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरायचे. ते न भरल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांपर्यंत नव्हे, थेट १० लाखांचा दंड होऊ शकतो. पूर्वी ५ लाखांपर्यंतच्या बँक शिलकीलाच सूट होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली. आईच्या खात्यावर ज्या मुलीचे किंवा मुलाचे नाव आहे आणि जो भारतात राहतो, त्यालाही हे लागू होते. ‘नुसते नाव तर लावलेय’ हा बचाव तिथे लंगडा पडतो.

लपवूनही उपयोग नाही, कारण २०१७ पासून बऱ्याच देशांकडून खात्यांची माहिती भारताकडे आपोआप येते. अमेरिकेशी तसा करार २०१५ मध्येच झाला. पण मला सरकारपेक्षा घराची काळजी वाटते. कर विभागाला कळू नये म्हणून खाते कोणालाच सांगायचे नाही अशी सवय लागली की ते मुलांनाही कळत नाही. अमेरिकेच्या राज्यांत काही वर्षे हालचाल नसलेल्या खात्यातले पैसे राज्य सरकारच्या ताब्यात जातात. परत मागता येतात, पण मागणाऱ्याला खाते होते हे आधी माहीत हवे.

८. खाते एकटे नसते

आणखी एक चूक म्हणजे खात्याचा वेगळा विचार करणे. ज्या आजोबांचे खाते न्यू जर्सीत आहे त्यांची दोन एकर जमीन कडावला असू शकते. मुलगा अमेरिकेचा नागरिक, मुलगी बदलापूरला. परदेशी नागरिक झालेल्या मुलाला भारतातली शेतजमीन विकत किंवा बक्षीस घेता येत नाही. वारशाने मिळते, आणि विकायची झाली तर इथल्या रहिवाशालाच विकता येते. मुलीला अमेरिकेतले खाते मिळाले तर कागदांची पायपीट तिची. म्हणून जमीन मुलीला आणि खाते मुलाला, फरक पडेल तो रोखीने, ही वाटणी अनेक घरांत शहाणपणाची ठरेल. मात्र ती वडिलांनी मृत्युपत्रात केलेली असावी. ते गेल्यावर भावंडांनी ‘तू हे घे, मी ते घेतो’ म्हटले की दोन देशांचे कर, परकीय चलनाचे नियम आणि मुद्रांक शुल्क मध्ये येतात. जमीन वडिलोपार्जित असेल तर मृत्युपत्र फक्त आजोबांच्या हिश्शापुरते चालते, हेही हिशेबात धरायचे.

खाते म्हणून आपण ज्याला म्हणतो ते खरोखर बँक खातेच आहे ना, हेही पाहावे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या बँकेतल्या साध्या ठेवी तिथल्या मृत्युकराच्या बाहेर असतात, पण अमेरिकी कंपन्यांचे शेअर आत येतात, आणि सूट फक्त ६०,००० डॉलरची. नोकरीत मिळालेले कंपनीचे शेअर सांभाळून ठेवणाऱ्यांना हे आधी कळलेले बरे.

९. काही आक्षेप

रक्कम लहान आहे, एवढा खटाटोप कशाला, हा पहिला आक्षेप. मला तो मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय नाव लावणे हा नसून खाते बंद करणे हा आहे. आईवडील स्वतः बोलू शकतात, सही करू शकतात, तोवर पैसे घरी आणायला एक-दोन अर्ज लागतात. तिथले निवृत्तिवेतन, तिथे राहणाऱ्या जोडीदाराचा खर्च किंवा परत जाण्याचा विचार, असे काही कारण नसेल तर परदेशात खाते ठेवण्यात बहुधा केवळ आठवण असते. आठवणीसाठी वारसांना न्यायालय दाखवू नये.

दुसरा आक्षेप विश्वासाचा : आमच्यात तसले काही नाही, भावंडांचा एकमेकांवर जीव आहे. असेल. बँकेला विश्वास दाखवता येत नाही. आणि विश्वास असलेल्या घरात लिहायला अडचण कसली?

मृत्युपत्र केले की सगळे भागले, हे तिसरे म्हणणे वकिलांकडूनही येते. दुय्यम निबंधकाकडे मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण परक्या बँकेपुढे नोंदणी झालेला कागद उजवा ठरतो. साक्षीदार दोन, आणि लाभ मिळणाऱ्यांपैकी कोणी नको. इंग्लंडच्या कायद्यात साक्षीदाराला दिलेले दान रद्द होते. अडचण असते ती छापील मजकुरात. ‘यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ हे वाक्य प्रत्येक नमुन्यात असते. दुबईत तिथल्या खात्यासाठी स्वतंत्र मृत्युपत्र केलेल्या माणसाने कर्जतला येऊन या नमुन्यावर सही केली, की तिकडचे मृत्युपत्र त्याने स्वतःच मोडलेले असू शकते. देशागणिक मृत्युपत्रे करायची तर प्रत्येकात ‘अमुक देशातल्या मिळकतीपुरते’ हे शब्द हवेत.

मुसलमान कुटुंबांना वेगळी मर्यादा आहे : इतर वारसांच्या संमतीवाचून मृत्युपत्राने एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही. रायगडच्या दक्षिणेला म्हसळा, श्रीवर्धनकडे आखातातली नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. तिथे जोडखात्याने ही मर्यादा ओलांडली गेली तर वाद धर्माचा आणि भावकीचा दोन्ही होतो. त्यांनीही हिस्से आधी मांडून ठेवलेले बरे.

शेवटचा आक्षेप सर्वांत मानवी आहे, आणि तो मुलांचा नसून म्हाताऱ्यांचा आहे. मुलांना आकडा कळला की त्यांची नजर बदलते. मग औषधाच्या खर्चावरही चर्चा सुरू होते. ही भीती निराधार नाही आणि ती बोलून दाखवणाऱ्याला संशयी ठरवणेही बरोबर नाही. त्यावर १९०८ च्या नोंदणी कायद्यातच उत्तर आहे, फारसे कोणी वापरत नसले तरी. मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. पाकिटावर ठेवणाऱ्याचे नाव आणि आत काय आहे एवढेच लिहिलेले असते. माणूस जिवंत आहे तोवर ते फक्त त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीला परत मिळते. गेल्यावर कोणीही अर्ज केला की निबंधक ते अर्जदारासमोर उघडून त्याची प्रत नोंदवहीत उतरवतो. खात्यांची यादी, देश, बँक, नाव कोणत्या हेतूने लावले याचा खुलासा, सगळे त्यातच घालावे. मुलांना आकडा कळायची गरज नाही. अलिबागला जिल्हा निबंधकाकडे पाकीट आहे एवढे दोघांना, त्यांत एका मुलीला तरी, माहीत असले म्हणजे झाले.